आधी काय कराल?

दिवाळी अंकाच्या सदरात लेखकाने फराळाविषयी लिहावे, नाहीतर बोनसाविषयी, असा एक अलिखित नियम आहे. फराळ हा आमच्या सौ.च्या अखत्यारीतला विषय असल्याने त्यावर मी मतप्रदर्शन करीत नाही. बोनसाविषयी मात्र यंदा सांगण्यासारखे आहे. तो बोनस माझा नव्हे. आमच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या एका कारखाना-कामगाराचा आहे, गेल्या दिवाळीचा आहे, आणि कपडेलत्ते, भांडीकुंडी यांत न जाता तो सबंधच्या सबंध एका परीक्षेच्या फीसाठी बाजूला काढून ठेवला गेला.

परीक्षा म्हटले की आपल्यासारख्या घरांतून कान टवकारले जातात. कोणाची? कितवी? किती टक्के? सांगतो, पण त्याआधी गावाची ओळख करून देतो. आम्ही राहतो कुंभवलीला. कुंभवली म्हटले तर पालघर जिल्ह्याबाहेरचा माणूस नुसताच हसतो. मग 'बोईसर' म्हणावे लागते. तेवढ्यानेही भागले नाही तर 'तारापूर'. तारापूर सर्वांना ठाऊक असते, कारण देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तेथे सुरू झाले. आमच्या एका अंगाला औद्योगिक वसाहतीची धुराडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि पलीकडे समुद्र. कारखाना रंगाचा असो, औषधाचा असो की कापडाचा, त्याच्या कचेरीत संगणक असतोच. आणि संगणक असला की तो बिघडतोच. त्यामुळे बोईसर स्टेशनच्या आसपास दुरुस्तीची दुकाने पुष्कळ. अशाच एका दुकानात या कामगाराची थोरली मुलगी गेली तीन वर्षे काम करते.

मुलगी माझी विद्यार्थिनी. बारावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकली, मग आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि दुकानात लागली. हाताला चांगली. बंद पडलेला संगणक समोर ठेवला, की ती त्याच्या पंख्याचा आवाज ऐकूनच निम्मे सांगते. तरी गिऱ्हाईक आत येऊन तिच्याच डोक्यावरून पाहत विचारते, "दुरुस्ती करणारा कुठे गेला?" ती म्हणते, "दुरुस्ती करणारी इथेच आहे, काका. दाखवा काय ते."

मुंबईतल्या एका कंपनीत अशाच कामाची जागा होती. पगार दुकानाच्या दुप्पट. कंपनीने तिचे काम पाहिले, मान हलवली आणि विचारले, "ए-प्लस केलंय का?" ही ती परीक्षा.

आता तिची कुळकथा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक पूर्णपणे कामाला लागला. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. खोलीभर यंत्र, आत अडीच हजारांहून अधिक निर्वात नळ्या. तो बिघडला तर बाहेरून कोणी कारागीर येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी बांधला त्यांनीच दुरुस्त करायचा. पण १९८१ नंतर टेबलावर मावणारा संगणक घराघरांत, दुकानादुकानांत शिरला. बांधणारा एक, विकणारा दुसरा, सुटे भाग तिसऱ्याचे. मग दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला यातले कळते की नाही, हे ओळखायचे कशावरून? अमेरिकेतल्या संगणक-विक्रेत्यांनी १९८२ साली एक संघ काढला होता. तोच पुढे 'कॉम्पटिया' झाला. या संघाने १९९३ साली दुरुस्ती करणाऱ्यांसाठी जी पहिल्या पायरीची परीक्षा सुरू केली, तिचे नाव 'ए-प्लस'. आज ती जगभर घेतली जाते. आपल्याकडची एम.एस.-सी.आय.टी. पुष्कळांनी दिली असेल. ती संगणक वापरण्याची परीक्षा, ही दुरुस्तीची. सायकल चालवणे वेगळे आणि पंक्चर काढणे वेगळे.

ए-प्लसचे पेपर दोन. प्रत्येकी फार तर ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. गुण १०० ते ९०० या पट्टीवर मोजतात. पहिल्या पेपराला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० मिळाले की उत्तीर्ण. एम.एस.-सी.आय.टी. मराठीतून देता येते; ही परीक्षा मराठीत नाही, हिंदीतही नाही. फी प्रत्येक पेपराची निराळी, आणि एका पेपराची फी म्हणजे त्या मुलीचा जवळजवळ महिन्याचा पगार.

फी भरण्याआधी तिची आई आमच्याकडे आली. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढे पैसे भरून पोरगी नापास झाली, तर पैसे परत देतात का?"

मी म्हणालो, "नाही, ताई. पुन्हा बसायचं तर पुन्हा पूर्ण फी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घराचे पत्रे बदलायचे होते यंदा. तिचे बाबा म्हणतात, पत्रे आणखी एक पावसाळा काढतील." एवढे बोलून ती गेली. आमच्या सौ.नी आतून सर्व ऐकले होते. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही त्या मुलीला नीट शिकवा म्हणजे झालं." जणू संगणक ही वस्तू मी लहानपणापासून उघडीत आलो आहे!

मुलगी दुसऱ्याच दिवशी हजर. "सर, मला प्रश्न वाचायला शिकवा."

"अगं, मी मराठीचा मास्तर. ही परीक्षा इंग्रजीतून आहे."

"इंग्रजीच्या क्लासला जाऊन आले, सर. तिथे ओळख कशी करून द्यायची ते शिकवतात. मला यंत्र कळतं, शब्दही कळतात. पण प्रश्न काय विचारतोय तेच हातातून निसटतं."

तिचे म्हणणे खरे होते, हे पहिल्याच संध्याकाळी कळले. सरावाचा एक प्रश्न घेतला. मराठीत सांगायचा तर असा: कचेरीतल्या कारकुनाच्या संगणकावर इंटरनेट सकाळपासून चालत नाही. कारागिराने प्रथम काय करावे? केबल बदलावी, राउटर बंद करून चालू करावा, कालपासून काय बदलले ते कारकुनाला विचारावे, की संगणक पुसून नव्याने भरावा?

ती चटकन म्हणाली, "केबल."

"का?"

"दहांतून आठ वेळा केबलच असते, सर. आमच्याकडे उंदीर फार."

उत्तर अनुभवाचे होते. पण परीक्षेत उंदीर नसतात. परीक्षेत 'प्रथम' हा शब्द असतो, आणि तो मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. कधी 'प्रथम', कधी 'यानंतर', कधी 'बहुधा', कधी 'सर्वांत योग्य'. चारही उत्तरे कोठे ना कोठे बरोबर असतात. त्या एका शब्दामुळे तीन गळतात आणि एक उरते. आमची मुलगी तो शब्द ओलांडून थेट दुरुस्तीला हात घालीत होती. कामाच्या माणसाची ही सवयच असते. दुकानात तिला शाबासकी मिळते, परीक्षेत शून्य.

मला यंत्रातले ओ की ठो कळत नाही, पण वाक्यात वजन कोणत्या शब्दावर आहे हे पाहणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आम्ही एक रिवाज घालून घेतला. प्रश्न वाचायचा आणि खालची उत्तरे हाताने झाकून तीन गोष्टी मराठीत सांगायच्या: अडचण कोणाची आहे, झाले काय, आणि विचारतात काय. तिन्ही सांगता आल्या तरच हात उचलायचा.

हे ऐकून आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये गाठले. ते म्हणाले, "तुम्ही त्या मुलीचं नुकसान करताय. नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न. मिनिटाला एक. त्यात ती भाषांतर केव्हा करणार आणि उत्तर केव्हा देणार?" आक्षेप रास्त होता. पहिल्या सराव-परीक्षेत तिचे दीड तासात साठच प्रश्न झाले. ती रडकुंडीला आली. आणि मला आमच्या चाळीचे पत्रे दिसू लागले.

पण भाषांतर कशाचे करायचे, हे आम्ही ठरवून घेतले होते. वस्तूंच्या नावांचे नाही. टोनर तो टोनर, राउटर तो राउटर. आपल्याकडे १९६० साली राज्याबरोबरच भाषा संचालनालय आले, पुढे परिभाषाकोश झाले; 'संगणक' शब्द आज पोरासोरांच्या तोंडी आहे ही आनंदाचीच गोष्ट. पण परीक्षेच्या ऐन गर्दीत मदरबोर्डला मराठी नाव शोधीत बसायचे नसते. आम्ही मराठीत आणीत होतो ती क्रियापदे, काळ आणि क्रम: आधी काय, मग काय, कशामुळे काय. नाव दुसऱ्याच्या भाषेतले चालते. विचाराची साखळी मात्र ज्या भाषेत आपण भांडतो आणि हिशेब करतो, तिच्यातच पक्की ओवली जाते. मला सांगायचे आहे ते एवढेच.

लेझर प्रिंटरचेच पाहा. कागद छापला जाण्याच्या सात पायऱ्या या परीक्षेला पाठ लागतात. तिने त्या इंग्रजीत घोकल्या होत्या आणि दर वेळी चौथी-पाचवी उलटसुलट व्हायची. मी म्हणालो, "मला समजावून सांग. मी प्रिंटरमधला कागदसुद्धा बदललेला नाही." मग ती आमच्या ओटीवर बसून बोलू लागली: "सर, आधी यंत्र पानाचं चित्र मनात तयार करतं. मग ड्रमवर सगळीकडे सारखी वीज पसरवतं. मग लेझरचा किरण त्यावर अक्षरं लिहितो. जिथे लिहिलं तिथेच टोनरची पूड चिकटते. मग ती पूड कागदावर उतरते. पण अजून ती नुसती रांगोळी आहे, फुंकर मारली तर जाईल. म्हणून तापलेल्या रुळांतून कागद काढतात. पूड वितळून कागदात बसते. मग ड्रम पुसून पुढच्या पानाला तयार." सात पायऱ्या, एकही उलट नाही. "मग छापलेली अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर?" मी विचारले. "रांगोळी भाजलीच नाही, सर! तापवणारा भाग गेला." त्याला फ्यूजर म्हणतात. तो प्रश्न तिचा पुन्हा कधी चुकला नाही.

असेच इतर. संगणक रोज सकाळी तारीख विसरतो. मग आत नाण्याएवढी एक बॅटरी असते ती संपली. तिच्यावर २०३२ लिहिलेले असते, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. संगणकाचा जाळ्यातला पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर पत्ते वाटणाऱ्याकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता नाही म्हणून त्याने स्वतःच्या मनाने एक लावून घेतला आहे. यंत्र उघडण्यापूर्वी अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडण्यासाठी मनगटाला पट्टा बांधावा, असे पुस्तक सांगते. ती म्हणाली, "आमच्याकडे पावसात कपडे चार दिवस वाळत नाहीत, सर, स्थिर वीज कुठून येणार?" दमट हवेत ती कमी साठते, हे खरेच आहे. "पण परीक्षा बोईसरच्या हवेची नाही. पट्टा बांध," मी म्हणालो.

संक्षेपांची यादीच कित्येक पानांची. ती पाहून तिचे धाबे दणाणले. मी तिला म्हटले, पाणिनीने सगळे स्वर 'अच्' या एका शब्दात आणि सगळी व्यंजने 'हल्' मध्ये कोंबली. अमेरिकेतल्या लोकांनी त्यापलीकडे काही केलेले नाही. तिने यादी चुलीशेजारच्या भिंतीवर चिकटवली. महिन्याभरात तिची आई भाकरी थापताना संक्षेप म्हणून दाखवू लागली.

सर्वांत मोलाच्या होत्या दोष शोधण्याच्या सहा पायऱ्या. पहिल्या पेपराचा चौथ्याहून अधिक हिस्सा दोष शोधण्याचाच असतो. आधी विचारून अडचण ओळखा. मग कारणाचा अंदाज बांधा, आणि तो बांधताना साधी गोष्ट विसरू नका, बटण तरी चालू आहे ना? मग अंदाज तपासा. मग उपाय ठरवून करा. मग सगळे नीट चालते का पाहा. शेवटी काय केले ते लिहून ठेवा. आपला वैद्य दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन वाटांनी रोग्याची परीक्षा करतो. ही तीच रीत. दुसऱ्या पेपराचा पाचवा हिस्सा कामाच्या शिस्तीचा. त्यात गिऱ्हाइकाशी कसे वागावे तेही आहे. वेळेवर जा, मध्येच तोडून बोलू नका, अवघड शब्दांनी त्याला घाबरवू नका. ती हसून म्हणाली, "याला फी कशाला? हे आई फुकट शिकवते."

दोन महिन्यांनी मराठी वाक्ये ओठांवरून आत गेली. हात उचलायला लागणारा वेळ कमी होत गेला, आणि चौथ्या महिन्यात पंच्याऐंशी मिनिटांत नव्वद प्रश्न संपले. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी स्वतः घड्याळ लावले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात सरावाच्या प्रश्नांचे एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवले.

ही परीक्षा घरी बसूनही देता येते. पण खोलीत दुसरे कोणी नको, टेबल मोकळे हवे, कॅमेरा सतत चालू हवा. दोन खोल्यांत पाच माणसे, शेजारी कुकरच्या शिट्ट्या आणि लाईट जाण्याची धास्ती. तेव्हा मुंबईच्या केंद्रातच जायचे ठरले. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, ही आमच्या भागावर मोठीच कृपा. चैत्रातल्या एका पहाटे बाप-लेक निघाली. बापाने त्या दिवसाची रजा टाकली होती. केंद्रात मोबाईल, घड्याळ, पाकीट सर्व कपाटात ठेवून घेतात, ओळखपत्रे तपासतात, फोटो काढतात आणि एकटीला संगणकासमोर बसवतात.

मी त्या वेळी आमच्या कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतो. दुपारी बाहेर आलो तेव्हा फोन वाजला. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो.

"सर, ७१२."

मागून तिच्या बापाचा आवाज आला, "सरांना सांग, पत्रे पुढच्या वर्षी." आणि मग दोघेही हसली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. कोणते प्रश्न आले हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ते बाहेर न सांगण्याचे लेखी वचन द्यावे लागते. एवढेच म्हणाली, "सुरुवातीलाच करून दाखवायचे प्रश्न होते. खुणा करून मागे ठेवले, शेवटी केले. आणि एके ठिकाणी चारही उत्तरं खरी वाटली, सर. मग पडद्यावर हात ठेवून उत्तरं झाकली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरगी पडद्याला आशीर्वाद देतेय."

अजून दुसरा पेपर आहे. तो झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही आणि मुंबईची नोकरीही नाही. तो डिसेंबरात द्यायचा आहे. या वेळची फी तिने स्वतःच्या पगारातून साठवली आहे. प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवे करून घ्यावे लागते, हे कळल्यावर तिची आई म्हणाली, "म्हणजे हा विम्याचा हप्ताच झाला की!" मला त्यात वावगे वाटत नाही. यंत्रे बदलतात, ती जाणणाऱ्यालाही अधूनमधून पुस्तक उघडावे लागते. मास्तरांना असा नियम नाही, याचा फायदा आम्ही पुष्कळांनी घेतलेला आहे.

आता वाचकहो, थोडे तुमच्या वाट्याचे. दिवाळीच्या साफसफाईत झटकाझटक होते, आणि भाऊबीज उलटली की घरातला संगणक नाहीतर प्रिंटर रुसतो. दुरुस्तीला कोणी आले की आपण 'चालत नाही' एवढेच सांगून पेपर वाचायला बसतो. तसे करू नका. केव्हापासून चालत नाही, त्याआधी घरात काय हलवले, पडद्यावर कोणती अक्षरे आली, हे आठवून सांगा. सहा पायऱ्यांतली पहिली पायरी ही घरमालकाने चढायची असते. ती चढलात तर समोरच्याचा तासभर वाचेल आणि तुमचे पैसेही. आणि दारात उभी असलेली कारागीर मुलगी असेल, तर तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहू नका. तिला आत बोलवा आणि चहा विचारा. तोही आधी.